दिल्ली ते अमृतसर: मध्येच पानिपतला उतरावं का?

खिडकीवाला
मंडळी, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, बायको आणि बाबा) दिल्लीहून अमृतसरला जातोय. तिकिटं काढायला बसलो तेवढ्यात बाबांनी विचारलं, "गाडी पानिपतवरून जाते ना? मग उतरू की. लढाईच्या जागी, काला आंबला, हात जोडू आणि पुढच्या गाडीने जाऊ." बाबा ७४ वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र माझ्या दुप्पट.

मेव्हणा म्हणतो, "तिथे एक खांब आहे. बघायला पाच मिनिटं आणि त्यासाठी अर्धा दिवस फुकट." कुणी जाऊन आलंय का? सामानाचं काय करायचं? आणि खरं सांगा, उतरण्यासारखं काही आहे का?

शेंगदाण्याची_चटणी
मेव्हण्याला बरोबर नेऊ नका. मोहिमेवर जास्तीची माणसं नेली की काय होतं ते भाऊसाहेबांना विचारा.

अश्विनी_ना
मी जाऊन आलेय. तुमच्या मेव्हण्याचं म्हणणं तसं खोटं नाही. शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर बाग राखलेली आहे आणि तिच्यात लोखंडी कुंपणाआड विटांचा स्तंभ. पूर्वी तिथे आंब्याचं झाड होतं, इतकं रक्त सांडलं की त्याच्या फळांचा रस काळा निघायला लागला, म्हणून काला आंब, अशी आख्यायिका. झाड केव्हाच गेलं.

तोफा, किल्ला, तटबंदी असलं काहीच नाही. आजूबाजूला शेतं. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती आणि पोरं पकडापकडी खेळत होती. मला ते आवडलं, नवऱ्याला नाही आवडलं. परतीच्या गाडीत आमचं त्यावरूनच वाजलं.

पण बाबांना जायचंय ना? मग हा प्रश्न धाग्यावर कशाला विचारताय?

टिकीटखिडकी
भावना बाजूला ठेवून आधी रेल्वेचं बघू.

अमृतसरची प्रत्येक गाडी पानिपतवरून जात नाही. गोल्डन टेंपल मेल (जुनी फ्रंटियर मेल) दिल्लीहून मेरठ-सहारनपूरकडे वळते आणि अंबाल्याला निघते, पानिपत बाजूलाच राहतं. ज्या गाड्या पानिपतवरून जातात त्यातल्याही सगळ्या तिथे थांबत नाहीत. तिकीट काढताना थांबे बघून घ्या.

आता कुणीतरी ब्रेक जर्नी (एकाच तिकिटावर मध्येच उतरून नंतर पुढे जाणं) सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. ती सवलत ५०० किमीपेक्षा लांबच्या तिकिटावर मिळते आणि तीही पहिले ५०० किमी उलटल्यावर. दिल्ली-अमृतसर अंतर साडेचारशेच्या आसपास, त्यामुळे तो विषयच संपला. शताब्दी-राजधानीला ही सवलत तशीही नाही. दोन वेगळी तिकिटं काढा. मुंबई-पुण्याहून थेट अमृतसरचं तिकीट असेल तर नियमात बसतं. मग उतरल्यावर स्टेशनात तिकिटावर शेरा मारून घ्यायचा आणि पुढच्या टप्प्याचं आरक्षण वेगळं बघायचं.

सामान नवी दिल्ली स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवंच. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, त्यामुळे स्टेशनबाहेर कुलूपविक्रेत्यांचा धंदा जोरात चालतो.

उनाडपाऊल
माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. पराभवाच्या जागी जाऊन आपण नक्की काय करतो? हरलो तिथे हार घालायचा? २०२५ साली महाराष्ट्र सरकारने पानिपतला मोठं स्मारक करायचं जाहीर केलं तेव्हाही काही जणांनी हेच विचारलं होतं आणि मला तो प्रश्न रास्त वाटला. जिंकलेल्या जागा काय कमी आहेत?

शेंगदाण्याची_चटणी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फौजी_काका
उनाडपाऊल, वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो.

सुट्टी संपवून जम्मूला परत जायचं तर आमची गाडी एकच, झेलम. पुण्याहून निघाली की डबा अर्धाअधिक सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पोरांचा. चिवडा, भाकरी, आईने बांधून दिलेलं सगळं दिल्लीच्या आत संपायचं. मग रात्री पानिपत यायचं. कुणीही कुणाला सांगून ठेवलेलं नसायचं, पण त्या स्टेशनवर आमच्या डब्यातली पोरं खाली उतरायची. चहा घ्यायची, दोन मिनिटं उभी राहायची, परत चढायची. एक हवालदार तर फलाटाला हात लावून कपाळाला लावायचा. आम्ही काला आंब कधी पाहिलं नाही. गाडी थोडीच थांबणार होती आमच्यासाठी?

आम्ही ज्या लढाईला हात लावायचो ती हरलेलीच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निघालेलो मात्र सरहद्दीवर. तुला यातून काय घ्यायचं ते घे.

उनाडपाऊल
काका, तुमच्यापुढे काय बोलणार? पण मूळ मुद्दा सोडत नाही. तुम्ही फलाटावर उतरत होतात ते कुणी सोहळा मांडलाय म्हणून नव्हे. माझी तक्रार सोहळ्याबद्दल आहे.

मोडीवाला
हार-जीत घटकाभर राहू द्या. तुम्ही रेल्वेने जाताय म्हणून एक सांगतो, कारण हे गाडीतूनच नीट कळतं.

नकाशा काढा. मराठे दक्षिणेचे, अब्दाली अफगाणिस्तानचा. म्हणजे मराठे दिल्लीच्या बाजूला आणि अब्दाली उत्तरेला असं आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात उलट होतं. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब दिल्लीहून उत्तरेला गेले आणि कर्नालजवळचं कुंजपुरा घेतलं. तिथे धान्य मिळालं, पैसा मिळाला. अब्दाली तेव्हा यमुनेच्या पलीकडे, दोआबात. नदीला पाणी आहे, तो उतरणार नाही, असा हिशेब होता. त्याने ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला.

आता गाडीत बसा. दिल्ली सुटली की नरेला, सोनीपत, गन्नौर, समालखा, मग पानिपत. उजव्या हाताला थोड्या अंतरावर यमुना आहे (दिसत नाही), आणि साधारण सोनीपतच्या समोर, पलीकडच्या काठावर, बागपत. तुमची गाडी हा टप्पा तास-सव्वा तासात कापते. नव्वदच किलोमीटर. एवढंच अंतर मराठ्यांना बंद झालं. नोव्हेंबरपासून छावणी पानिपतला अडकली. त्यात लढणारे होते तसे यात्रेकरू होते, बायका होत्या, बाजारबुणगे होते. दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढू म्हणून. वाट काढायची होती ती दिल्लीच्या दिशेने.

म्हणून माझं म्हणणं, काला आंबला पाच मिनिटं लागोत की पन्नास, बघण्यासारखा आहे तो रस्ता. गाडीत झोपू नका.

अश्विनी_ना
वा! आम्ही समालखा येईपर्यंत झोपलोच होतो. वाचनखूण साठवली.

भूछत्री
मोडीवाला, तुम्ही १४ जानेवारी लिहिलंत ते ठीक. पण लोक "ऐन संक्रांतीच्या दिवशी" म्हणतात, ते जुळत नाही. संक्रांतीची तारीख साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. अडीचशेहून जास्त वर्षं मागे गेलात की संक्रांत तीन-चार दिवस अलीकडे येते. म्हणजे त्या वर्षी छावणीतली संक्रांत लढाईआधीच होऊन गेली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार.

शेंगदाण्याची_चटणी
उपाशी छावणीत तिळगूळ कुठला, हा विचार आत्ता पहिल्यांदा डोक्यात आला. भूछत्री, रात्रीची झोप घालवलीत.

रानवाटा
यायचं असेल तर १४ जानेवारीलाच या, असं मी म्हणणार होतो. त्या दिवशी काला आंबला मोठा मेळावा भरतो. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक येतात आणि तिथले रोड समाजाचे लोकही येतात. कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र, कैथल भागातले. पानिपतानंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात. मला एका घरी बळंच जेवायला नेलं आणि "आप तो घर के हो" म्हणत तुपाची वाटी ताटात उपडी केली.

मोडीवाला
रोड समाजाचा आणि मराठ्यांचा संबंध सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, एवढी नोंद करून ठेवतो. आपुलकी खरी आहे, त्याबद्दल वाद नाही.

रानवाटा
तूपही खरं होतं.

टिकीटखिडकी
रेल्वेने जाणाऱ्याला जानेवारी सुचवू नका हो. धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, काही तर रद्दच होतात. सकाळची गाडी संध्याकाळी पोचली की काला आंब अंधारात बघा. मार्च उत्तम.

उनाडपाऊल
मोडीवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रस्त्याचं पटलं. पण मग स्मारक कशाला, हा प्रश्न उलट आणखी घट्ट झाला. रस्ता आहेच की तिथे.

मोडीवाला
स्मारक लागतं कारण रस्ता बोलत नाही. आणि तुमच्या हार-जितीबद्दल: त्याच लढाईत महादजी शिंद्यांच्या पायावर जबर घाव बसला, राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवलं. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, तेच महादजी दिल्लीत होते. तुम्ही ज्याला शेवट म्हणताय त्याच्या पुढे बरीच पानं आहेत.

फौजी_काका
भरतपूरही घ्या यात. मुंबईहून कोटामार्गे दिल्लीला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भरतपूरवरून जातात. पळून आलेल्या, जखमी, उघड्या-वाघड्या माणसांना सूरजमल जाटाने आपल्या मुलखात आसरा दिला, खाऊपिऊ घातलं. ज्याच्याशी आपलं आधीच बिनसलं होतं, त्याने. त्या स्टेशनवर मात्र आपलं कुणी उतरत नाही.

संपादक मंडळ
आजच्या पक्षीय राजकारणावरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. १७६१ मध्येच राहावे ही विनंती.

शेंगदाण्याची_चटणी
१७६१ मध्ये राहण्याची विनंती करणारं हे पहिलंच संपादक मंडळ असेल.

जालंधरकर_मराठी
नोकरीनिमित्त पंजाबात असतो म्हणून लिहितो. तुम्ही अमृतसरला चाललात तर जालियनवाला बाग बघालच. स्टेशनपासून जवळ, सुवर्णमंदिराच्या अगदी शेजारी. पण मनाची तयारी ठेवा. २०२१ च्या नूतनीकरणानंतर ती आत शिरायची अरुंद बोळ ओळखू येत नाही. डायरच्या सैनिकांनी १३ एप्रिल १९१९ ला त्याच बोळातून येऊन गोळ्या झाडल्या. आता तिथल्या भिंतींवर हसत्या-खेळत्या माणसांची शिल्पं आहेत. हेतू चांगला असेल, त्या दिवशी आलेली माणसं दाखवायची होती. पण लोक शिल्पांना खेटून सेल्फी काढतात आणि बोळीची भीती गेली. गोळ्यांच्या खुणा आणि विहीर आहे, ते शांतपणे बघा. गावातच टाउन हॉलमध्ये फाळणीचं संग्रहालय आहे, त्याला मात्र भरपूर वेळ द्या.

अश्विनी_ना
जालंधरकर, अगदी अगदी! मला तिथे जे जाणवलं नाही ते काला आंबच्या साध्या खांबापाशी जाणवलं. मोठं स्मारक होणार असेल तर माझी एकच मागणी, दिवे आणि आवाजाचा खेळ नको.

रानवाटा
असहमत. नातवंडांना खांब दाखवून काही कळत नाही. आत नकाशा हवा, मोडीवाल्यांनी सांगितलं तसं सांगणारं काहीतरी हवं. नाहीतर पोरं पकडापकडीच खेळणार.

अश्विनी_ना
खेळू देत की!

जालंधरकर_मराठी
रच्याकने, खिडकीवाला, मार्चचा तिसरा आठवडा म्हणजे २३ मार्च जवळ येतोय. फिरोजपूरजवळ हुसैनीवाला माहीत आहे का? भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांचे अंत्यसंस्कार सतलजच्या काठी झाले ती जागा. फाळणीत ती पाकिस्तानात गेली होती, १९६१ मध्ये काही गावांच्या बदल्यात भारताने परत घेतली. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने स्मारकाची नासधूस केली, नंतर ते पुन्हा उभारलं. बटुकेश्वर दत्तांची समाधीही तिथेच.

आणि तुमच्या धाग्याच्या विषयाला धरून: फिरोजपूरहून लाहोरकडे जाणारा लोहमार्ग हुसैनीवालाला संपतो. एरवी त्यावर प्रवासी गाडी धावत नाही. रेल्वे दरवर्षी २३ मार्चला आणि बैसाखीला, म्हणजे १३ एप्रिलला, तिथे खास गाडी सोडते. पुढे रूळ नाहीत, सरहद्द आहे. गर्दी एवढी की उभं राहायला जागा मिळत नाही, आणि कुणाचीही तक्रार नसते.

फौजी_काका
ही गाडी माहीत नव्हती. धन्यवाद.

उनाडपाऊल
या गाडीत मी बसेन.

शेंगदाण्याची_चटणी
उनाडपाऊल सोहळ्याला निघाले, नोंद घ्यावी.

माईची_वही
तुम्ही सगळे लढाईतच अडकलात. पानिपतला जाताय तर ब्लँकेटं बघा. जुने कपडे फाडून, पिंजून, त्याचं सूत काढून ब्लँकेटं विणायचा तिथे फार मोठा धंदा आहे, जगभरातले टाकून दिलेले कपडे तिथे येतात. आणि लोणची! गावात देवीच्या तलावाकाठी देऊळ आहे, मराठ्यांनी बांधलेलं म्हणून दाखवतात, तेही करा. बाबांना तिथे बसायला बरं वाटेल.

भूछत्री
गावात इब्राहिम लोदीची साधी कबर आहे, बाबराने पहिल्या लढाईनंतर बांधलेली काबुली बाग मशीद आहे, आणि बू अली शाह कलंदर यांचा दर्गा. तीन लढाया एकाच गावाच्या वाट्याला, १५२६, १५५६ आणि १७६१, आणि लोक मात्र ब्लँकेटं विकतायत. मला हे फार आवडतं.

टिकीटखिडकी
एक सावधगिरी: मोबाइलच्या नकाशावर नुसतं "काला अंब" टाकलंत तर हिमाचलमधलं त्याच नावाचं कारखान्यांचं गाव समोर येतं. शंभराहून जास्त किलोमीटर दूर. भाडं बघून बाबांना धक्का बसेल. "पानिपत" जोडून शोधा.

खिडकीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. फौजी काकांच्या प्रतिसादाला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "पुढे वाच" म्हणाले. मोडीवाल्यांच्या प्रतिसादाला शाळेची नकाशावही मागवली.

ठरलं ते असं. दिल्लीत एक दिवस वाढवतोय. सामान हॉटेलवरच ठेवून सकाळच्या गाडीने पानिपत, आधी काला आंब, मग देवीचं देऊळ, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा दिल्ली. अमृतसर दुसऱ्या दिवशी. २३ तारखेला फिरोजपूर जमतंय का ते बघतोय. बाबा आता दोन्ही हवंच म्हणतात, बायको ब्लँकेटांबद्दल विचारतेय.

बाबांची एकच तक्रार: एकदा पानिपत गाठल्यावर उलटं दिल्लीला का फिरायचं? सरळ पुढे जाऊ.

मोडीवाला
बाबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, पानिपतहून सुखरूप दिल्लीला पोचायचं, एवढंच तर भाऊसाहेबांना हवं होतं. तुम्ही ते साध्या तिकिटावर करताय.

शेंगदाण्याची_चटणी
हसावं की रडावं कळेना.

अश्विनी_ना
रिक्षा येण्याजाण्याची एकत्रच ठरवा आणि थांबायचं आधीच बोलून घ्या. तिथून परतायला लगेच काही मिळेल या भरवशावर राहू नका. बाबांसाठी पाणी आणि टोपी बरोबर असू द्या, मार्चमध्येही दुपारी ऊन लागतं.